आधी माणसं, मग घर

(वैराग येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्यानं मला गाठलं. म्हणाला, "सर, वैरागात आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेवर व्याख्यान? इथं बहुतेकांच्या डोक्यावर स्वतःचं माळवद नाहीतर स्वतःचा स्लॅब आहे. सोसायटी म्हटलं की आपल्याला सोसायटीचं कर्ज आठवतं, फ्लॅट नाही." प्रश्न रास्त आहे. पण ज्यांची मुलं-मुली पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये राहतात त्यांनी जरा हात वर करा बरं. बघा, निम्मा मांडव वर आला. म्हणजे विषय आपलाच आहे. आपण चार दिवस मुलाकडं जातो, लिफ्टमधल्या माणसाला "कुठल्या गावचे?" विचारतो, तो मोबाइलमध्ये बघत राहतो, आणि आपण परत आल्यावर म्हणतो, तिथं करमत नाही. मला आज हे 'करमत नाही' जरा उकलून बघायचंय.

सुरुवात आपल्या इथूनच करू. एकत्र मालकी ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. सातबाऱ्यावर सामाईक विहीर असते. कुणाचा आठ आणे हिस्सा, कुणाचा चार आणे, कुणाचा दोन. पाण्याची पाळी त्या हिश्श्यानं. चार आणेवाल्याला दोन दिवस, तर आठ आणेवाल्याला चार. गाळ काढायचा खर्चही त्याच हिशेबानं. दोन घरांमधली भिंतही सामाईक असते आणि तिच्यावरून तीन-तीन पिढ्या कोर्टात जातात, हेही तुम्हाला माहीत आहे. तर 'आपल्या दोघांचं' म्हणजे काय, याची आपल्याकडं पक्की कल्पना आहे: ते तुकड्यांत मोजता येतं. माझा तुकडा एवढा, तुझा तेवढा.

सहकारी इमारत या कल्पनेवर उभी नाही. ती वेगळ्याच कल्पनेवर उभी राहिली, आणि ती कुठून आली हे बघायला आपल्याला मुंबईला जावं लागेल. तेही शंभर वर्षांमागं.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशन आणि चौपाटी यांच्या मधे गामदेवी नावाचा भाग आहे. गावदेवीच्या देवळावरून पडलेलं नाव. आज तिथं गेलात तर लॅबर्नम रोडवर मणिभवन दिसेल. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की तिथं उतरत. पाच-सात मिनिटं चाललात तर गवालिया टँक, म्हणजे ऑगस्ट क्रांती मैदान. १९४२ चा 'छोडो भारत' तिथलाच. एवढा इतिहास ज्या भागात, त्याच भागात आणखी एक इतिहास घडला, आणि त्याच्यावर कुणी पुतळा उभारला नाही. १९१५ साली इथं सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. मुंबईतली ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था. आशियातली पहिली असंही सांगतात. पण बंगळूरला १९०९ मध्येच घरबांधणीसाठी सहकारी संस्था निघाली होती, तेव्हा तो किताब आपण जरा बाजूला ठेवू. महत्त्व पहिलेपणाला नाही, ती कशी उभी राहिली त्याला आहे.

पार्श्वभूमी अशी. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. प्लेग आला की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हे आपल्याकडच्या आज्या-पणज्यांच्या गोष्टींत येतंच. मुंबईला माळ कुठला? सरकारच्या लक्षात आलं की रोगाची मुळं दाटीवाटीच्या, उजेड-वारा नसलेल्या घरांत आहेत. म्हणून १८९८ ला बाँबे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्यानं जुन्या वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले, नवे भूखंड आखले. गामदेवी ही त्या ट्रस्टच्या सुरुवातीच्या योजनांपैकी एक.

आता दुसरा धागा. उत्तर कानडा जिल्ह्यातून चित्रापूर सारस्वत मंडळी नोकरीसाठी मुंबईत येत होती. शिकलेली, कारकुनी करणारी, पगार बेताचा. स्वतःचं घर बांधण्याइतके पैसे नाहीत आणि चाळीत राहायची तयारी नाही. त्यांच्यात श्रीपाद सुब्राव तल्माकी नावाचे गृहस्थ होते, पुढं रावबहादूर झाले. त्यांनी १९०६ साली आपल्या गुरूंच्या नावानं श्यामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली. तीच आजची एसव्हीसी बँक. हे १९०६ लक्षात ठेवा. १९०४ च्या कायद्यानं फक्त पतपुरवठ्याच्या सहकारी संस्थांना परवानगी होती. बाकीच्या कामांसाठी संस्था काढता येईल अशी सोय १९१२ च्या कायद्यानं झाली. त्यानंतर तीन वर्षांत गामदेवीची संस्था. म्हणजे क्रम काय झाला? आधी ही माणसं एकमेकांना ओळखत होती. मग नऊ वर्षं त्यांनी एकमेकांचे पैसे सांभाळले, कर्ज दिलं, वसूल केलं. आणि त्यानंतर ती एका छपराखाली राहायला गेली.

आधी माणसं, मग पैसा, मग जमीन, आणि सगळ्यात शेवटी घर. माझं आजचं सगळं बोलणं या क्रमाभोवती आहे.

आता मालकीकडं येऊ, कारण गंमत इथं आहे. अशा संस्थेत घर कुणाच्या मालकीचं? कायद्यात याला भाडेकरू सहभागीदारी संस्था म्हणतात. महाराष्ट्राच्या १९६१ च्या सहकारी संस्था नियमांत हा वर्ग आजही आहे. शब्द जरा तोडून बघा. भाडेकरू, आणि सहभागीदार. दोन्ही एकच माणूस! जमीन संस्थेची, इमारत संस्थेची. सभासद संस्थेचा भाग घेतो आणि त्या बदल्यात त्याला एका गाळ्यात राहायचा हक्क मिळतो. महिन्याला तो संस्थेला पैसे भरतो, ते एका अर्थानं भाडंच. पण घरमालक कोण? तोच, बाकीच्यांसकट. स्वतःच स्वतःचा भाडेकरू. मी चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण एवढा सुंदर पेच वर्गात कधी मांडता आला नाही.

आज तुमच्या मुलाच्या कपाटात जो भाग-दाखला आहे, तो काढून बघा. पन्नास रुपयांचे पाच किंवा दहा शेअर. अडीचशे नाहीतर पाचशे रुपयांचा कागद, आणि त्यावर पाऊण कोटीचं घर टेकलेलं. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न आला, की अशा संस्थेतला सभासदाचा 'राहायचा हक्क' ही मालमत्ता आहे का? कर्ज फेडलं नाही तर तो जप्त करून विकता येईल का? न्यायालय म्हणालं, येईल. म्हणजे हातात घर नाही, घरात राहायचा हक्क आहे, पण तो हक्क घराइतकाच खरा आहे.

आणि मत? विहिरीत आठ आणेवाल्याचा शब्द जड. इथं तीन खोल्यांवाल्यालाही एक मत, एका खोलीवाल्यालाही एक मत. इंग्लंडातल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये दुकान काढलं तेव्हापासून सहकाराचा हा नियम आहे. भांडवल मत देत नाही, माणूस मत देतो. आपल्या साखर कारखान्यांच्या निवडणुका बघितलेल्या माणसाला याचं फार कौतुक वाटणार नाही, ते सोडा. पण तत्त्व म्हणून बघा. विहिरीचं 'आमचं' तुकड्यांची बेरीज आहे. इमारतीचं 'आमचं' तुकडे करताच येत नाहीत असं आहे. जिन्यातली तुमची पायरी कोणती? टाकीतलं तुमचं पाणी कोणतं?

आता जरा आत शिरू. अगदी आत, संडासापर्यंत. हसू नका, हा फार गंभीर मुद्दा आहे. निखिल राव या इतिहासकारानं मुंबईच्या फ्लॅटच्या राहणीवर इंग्रजीत एक उत्तम पुस्तक लिहिलंय, २०१३ मधलं. चाळ आणि फ्लॅट यांतला फरक खोल्यांच्या संख्येत नाही, संडास घरात आहे की नाही यात आहे, हे त्यात नीट दाखवलंय. आपल्याकडं संडास घरापासून लांब, परसात नाहीतर परसाच्याही पलीकडं. सोवळ्या-ओवळ्याची सगळी भूमिती त्यावर बसवलेली. स्वयंपाकघर आणि देवघर एका टोकाला, आणि ते दुसऱ्या टोकाला. आता चार खोल्यांच्या गाळ्यात हे अंतर कसं आणायचं? मुंबईच्या जुन्या इमारतींत मागच्या बाजूला सज्जा काढून त्याच्या टोकाला संडास ठेवत, आणि मागून एक वेगळा लोखंडी जिना. तो जिना कुणासाठी, हे मी सांगायला नको. सफाई करणाऱ्या माणसानं पुढच्या दारानं येऊ नये म्हणून बांधलेला जिना. फ्लशचे संडास आल्यावर ते आत सरकले आणि तो जिना गंजत राहिला. अजून काही इमारतींच्या पाठीला तो दिसतो. जुन्या इमारतींचं सौंदर्य बघायला जाल तेव्हा पाठीमागूनही एक चक्कर मारा.

संडास आत आला आणि दार बंद झालं. चाळीत दार दिवसभर उघडं; नळावर, गॅलरीत, संडासाच्या रांगेत माणसं एकमेकांना भेटणारच. फ्लॅटमध्ये दिवसेंदिवस कुणाचं तोंड न बघता राहता येतं. तो त्याचा गुणही आहे, विशेषतः सासुरवाशिणींना विचारा. आपण वाड्याच्या आठवणी काढून डोळे पुसतो, पण वाड्यात नव्या सुनेला एकटीला रडायलाही जागा नसायची. ढाळजेत बसलेल्या म्हाताऱ्याची नजर चुकवून तिला साधं देवळात जाता यायचं नाही. तेव्हा लॅचचं दार ही काही नुसती तुसडेपणाची खूण नाही.

एम.ए.ला मुंबईत होतो तेव्हा मी गामदेवीतल्या एका मित्राकडं अधूनमधून जेवायला जायचो. सत्तरीचं दशक. त्याची आई माझ्याशी मराठी बोलायची आणि घरात कोकणी. जिन्यात कुणी भेटलं की ती त्याच्याशीही कोकणी. चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की या संपूर्ण इमारतीत माझ्याशिवाय सगळे एकमेकांचे कुणीतरी लागतात! कुणी मामेभाऊ, कुणी आतेसासू. मला वैरागची गल्ली आठवली. चार मजले उभी केलेली गल्ली. प्रेमानं वाढायची ती माऊली, त्यात काही कमी नव्हतं. पण एकदा सहज विचारलं, "काकू, इथली जागा बाहेरच्याला मिळते का?" ती हसली आणि म्हणाली, "बाहेरच्याला कशाला लागेल?"

हा या विषयातला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि तो टाळून पुढं जाणं मला बरोबर वाटत नाही. या पहिल्या संस्थेला घट्ट धरून ठेवणारा चुना कोणता होता? जातीचा. अनोळखी माणसाला कोण जामीन राहील? नात्यातल्याला राहतात. हप्ता चुकवला तर लग्नकार्यात तोंड दाखवता येणार नाही, ही भीती कोर्टाच्या नोटिशीपेक्षा मोठी. मुंबईत नंतर निघालेल्या कितीतरी संस्था जातीच्या, पंथाच्या, नाहीतर एका भागातून आलेल्या लोकांच्या होत्या, त्या याच कारणानं. विश्वासाचा प्रश्न त्यांनी सोडवला, आणि सोडवताना दार लावून घेतलं. ज्या ट्रस्टनं गामदेवी आखली, त्याच ट्रस्टनं परळला कामगारांसाठी बीआयटी चाळी बांधल्या. तिथल्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षं राहिले. परदेशातल्या पदव्या घेऊन आलेला माणूस! बडोद्याला नोकरीसाठी गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं गेलं, ही गोष्ट १९१७ सालची. गामदेवीची संस्था १९१५ ची. या दोन तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघाव्यात, एवढंच म्हणतो.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. तितकंसं नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात निकाल दिला. संस्थेच्या उपविधीत सभासद फक्त पारशीच असावा असं कलम होतं. एका सभासदाला आपली जागा बाहेरच्यांसाठी विकायची होती. न्यायालयानं संस्थेच्या बाजूनं कौल दिला. राज्यघटनेनं संघटना करण्याचं स्वातंत्र्य दिलंय, कुणाबरोबर संघटना करायची हे त्यातच येतं, आणि कायद्यानं मनाई केलेली नाही तोवर असा उपविधी चालेल, असा त्याचा गाभा. तर्काला धरून आहे. मी तर्कशास्त्र शिकवलेला माणूस, मला त्यात फट सापडत नाही. तरीही मला तो निकाल पटत नाही. कारण घर ही भजनी मंडळासारखी गोष्ट नाही. भजनी मंडळानं मला घेतलं नाही तर मी घरी बसून भजन म्हणेन. घरानंच घेतलं नाही तर कुठं बसू? महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यात खुल्या सभासदत्वाचं कलम आहे: पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही, आणि अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर तो सभासद झाला असं मानलं जातं. कागदावर हे आहे. प्रत्यक्षात दलालाच्या फोनवर पहिला प्रश्न काय विचारतात, ते तुमच्या मुलांना विचारा. आडनाव विचारतात. नाहीतर "व्हेज ना?" असं विचारतात.

आता आजच्या संस्था. इथं तो क्रम पूर्ण उलटा होतो. बिल्डर जमीन घेतो, इमारत बांधतो, फ्लॅट विकतो. विकत घेणारे एकमेकांना ओळखत नाहीत. साठ कुटुंबं पहिल्यांदा भेटतात ती पार्किंगच्या भांडणात. मग कुणीतरी म्हणतं, आता सोसायटी नोंदवायला हवी. १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, आपण मोफा म्हणतो तो, हीच जबाबदारी बिल्डरवर टाकतो: संस्था नोंदवून द्या आणि जमिनीचं हस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, करून द्या. कितीतरी बिल्डरांनी ते केलंच नाही. वर्षानुवर्षं लोक राहतात, हप्ते फिटतात, आणि खालची जमीन कागदोपत्री दुसऱ्याचीच. शेवटी २००८ साली कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. शब्द जड आहे. अर्थ एवढाच, की बिल्डर सही करत नसेल तर सक्षम अधिकारी त्याच्याशिवाय ते करून देईल. गामदेवीच्या मंडळींना हा प्रश्न पडलाच नसता.

अशा इमारतीत 'सहकारी' हा शब्द फक्त नावाच्या पाटीवर उरतो. खोटं वाटत असेल तर लिफ्टच्या खर्चाचा वाद ऐका. आदर्श उपविधी सांगतात, की लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा भरायचा, वापरा किंवा न वापरा. तळमजल्यावरचा म्हणतो, मी का भरू? वरवर त्याचं बरोबरच दिसतं. पण मग वरच्या मजल्यावरचा म्हणेल, पावसाचं पाणी तळमजल्यात शिरतं, मी गटार दुरुस्तीला का देऊ? आणि गच्ची गळते तेव्हा? गच्ची फक्त शेवटच्या मजल्याच्या डोक्यावर असते, पण ती संस्थेची, म्हणून गळती संस्थेनं दुरुस्त करायची. तळमजल्यावरचा माणूस चार मजले वरच्या ओलीसाठी पैसे देतो. माळवदाच्या घरात असं नसायचं. मृगाच्या आधी ज्यानं त्यानं आपापल्या माळवदावर पांढरी माती टाकायची. शेजाऱ्याचं गळलं तर आपण घमेलं घेऊन जायचो, पण ते प्रेमानं, नियमानं नव्हे. इथं ते नियमानं करायचंय, आणि प्रेम असायची अटही नाही. मला हे फार मोठं वाटतं. ज्याचं नाव मला माहीत नाही त्याच्या छतासाठी मी दर महिन्याला पैसे देतो.

देतो, पण कुरकुरत देतो. ॲरिस्टॉटलनं प्लेटोवर टीका करताना हाच मुद्दा काढला होता: जे पुष्कळांचं असतं त्याची निगा सगळ्यात कमी राखली जाते. त्याला सोसायटीचा जिना माहीत नव्हता, पण त्याचं निरीक्षण चुकीचं नाही. म्हणून तर उपविधींमध्ये निगेची सक्ती घालून ठेवलीय. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंडात, पाऊण टक्का दुरुस्ती निधीत. इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी, तीसच्या पुढं दर तीन वर्षांनी. मेंटेनन्स कमी ठेवला म्हणून दर निवडणुकीत निवडून येणारे अध्यक्ष मी बघितलेत. तीस वर्षांनी स्लॅबचं लोखंड बाहेर येतं, तेव्हा ते अध्यक्ष कुठं असतात?

तर प्रश्न असा उरतो. जातीचा चुना नको आहे, बिल्डरनं गोळा केलेल्या अनोळखी लोकांना तर चुनाच नाही. तिसरा काही आहे का?

याचं एक उत्तर लांब नाही, आपल्याच जिल्ह्यात आहे. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, गोदूताई परुळेकर यांच्या नावानं. आडम मास्तरांच्या पुढाकारानं. दहा हजार घरं, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. तिथं थोडा पैसा सरकारचा, थोडा त्या बायकांचा. पुढं त्याच भागात रे नगर उभं राहिलं, तीस हजार घरांचं, असंघटित कामगारांसाठी. त्यातली पहिली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली गेली. राजकारण तुम्ही आपापलं बघा, मी क्रम बघतो. इथंही आधी माणसं आहेत. हजार विड्या वळल्यावर काय मजुरी मिळते, पानं कमी भरली म्हणून कारखानदार किती कापून घेतो, यावर एकत्र भांडलेल्या बायका. मोर्चात शेजारी चाललेल्या. तेलुगू बोलणाऱ्या, कानडी, मराठी, उर्दू बोलणाऱ्या. त्यांना बांधणारं नातं जन्मानं आलेलं नाही, कामानं आलेलंय. तिथं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पाणी, रस्ते, गावापासूनचं अंतर, तक्रारी आहेतच. पण विश्वास कमावण्यासाठी सोयरीक लागते हा समज मात्र तिथं खोटा ठरला.

आता शेवटचा मुद्दा, पुनर्विकासाचा. मुंबईच्या जुन्या भागांत, गामदेवी-गिरगाव-दादर-माटुंग्यात, आणि पुण्यात डेक्कन-कोथरूडला, चाळीस-पन्नास-साठ वर्षांच्या संस्था पाडून तिथं बुरूज उभे राहताहेत. शासनाच्या २०१९ च्या सुधारित निर्देशांनुसार एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के सभासदांची संमती लागते, सभेला निबंधकांचा अधिकारी हजर, सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण. प्रक्रिया म्हणून ठीक आहे. फसवणूक कमी होते.

माझ्या एका नातेवाइकांच्या पुण्यातल्या संस्थेची अशी सभा मी मागं बसून ऐकली. अठ्ठावीस सभासद. संस्था जुनी, एका कचेरीतल्या नोकरदारांनी मिळून काढलेली. सगळं 'वाढीव किती फूट मिळणार' यावर चाललं होतं. मोठ्या फ्लॅटवाले म्हणाले, आमच्या क्षेत्राच्या प्रमाणात द्या. लहान फ्लॅटवाले म्हणाले, मत सारखं तर वाढही सारखी. म्हणजे विहीर आणि सोसायटी, दोन्ही कल्पना त्या खोलीत समोरासमोर उभ्या! मला राहवेना, पण मी सभासद नव्हतो, गप्प बसलो. शेवटी ऐंशीच्या पुढच्या एक बाई उठल्या. विधवा, एकट्या राहणाऱ्या. म्हणाल्या, "तीन वर्षं भाड्यानं बाहेर राहायचं म्हणता. माझ्याकडं तीन वर्षं आहेत का, ते कुणी विचारलं नाही." सभागृह गप्प झालं. मग ठराव मतास टाकला, पंचवीस विरुद्ध तीन.

रूसो एक फरक करतो. सगळ्यांच्या इच्छांची बेरीज ही एक गोष्ट, आणि सगळ्यांचं म्हणून जे हित आहे त्याची इच्छा ही दुसरी. मतपेटीतून पहिली निघते. दुसरी निघेलच असं नाही. ते पंचवीस लोक वाईट होते का? अजिबात नाही. इमारतीचे खांब खरंच फुगले होते, पाडणं भाग होतं. पण त्या बाईंना त्याच गल्लीत तळमजल्यावर जागा शोधून द्यायची, सामान हलवायला कुणी जायचं, त्यांच्या औषधवाल्याला नवा पत्ता सांगायचा, हे कुठल्याच निर्देशात बसत नाही. कचेरीत एकत्र डबा खाल्लेली पहिली पिढी असती तर ठरावाच्या आधीच हे बोलणं झालं असतं, असं मला वाटतं. तिथं आता निम्मे फ्लॅट भाड्यानं दिलेले आहेत आणि मालक व्हॉट्सॲपवर मत कळवतात. पुढं त्या बाईंचं काय झालं असं तुम्ही विचाराल. त्या मुलीकडं नाशिकला गेल्या. इमारत अजून पूर्ण व्हायचीय.

वेळ झालाय, पण एक चिठ्ठी आलीय ती वाचतो. "सर, मुलगा पुण्यात जुन्या सोसायटीतला फ्लॅट घेतोय. काय बघावं?" चांगला प्रश्न आहे. वकील बघायचं ते बघेलच: कन्व्हेयन्स झालंय का, भाग-दाखला कुणाच्या नावावर आहे, थकबाकी आहे का. हस्तांतरणासाठी पंचवीस हजारांच्या वर प्रीमियम मागितला तर देऊ नका, तेवढीच मर्यादा आहे. देणगी म्हणून मागतात, तरी देऊ नका. पण तुम्ही स्वतः एक काम करा. सचिवांकडं जा आणि मागच्या दहा वर्षांचं इतिवृत्ताचं पुस्तक जमल्यास बघायला मागा. वार्षिक सभेला किती जण आले, ते मोजा. गच्ची गळल्यावर किती महिन्यांनी ठराव झाला, ते बघा. मग सकाळी सातच्या सुमाराला जिन्यात अर्धा तास उभं राहा. दूधवाला, कामाला येणाऱ्या मावशी, कचरा नेणारा माणूस, हे कुठल्या लिफ्टनं वर जातात आणि त्यांच्याशी कोण कसं बोलतं, ते बघा. नंतर मुलाला फोन करा.